ती काठी माझी नाही

मी बॅप्टिस्टची काठी बोलतेय. बरेच दिवस त्याने मला आपली म्हटलं नाही, म्हणून आधी मीच सांगून टाकते.

मी ॲल्युमिनियमची. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो लूर्डसचा हात. वसईच्या दुकानात तिने मला फरशीवर टेकवून, जोर देऊन पाहिलं आणि रिक्षात मांडीवर आडवी धरून नंदाखालला घरी आणलं.

बॅप्टिस्ट तिचा नवरा. एकसष्ट वर्षांचा. केळीचे घड खांद्यावरून वाहणारा. कमरेतली नस दबली, ऑपरेशन झालं, पण डाव्या पायात जोर आला नाही. पाऊल फरफटायचं.

रीमा नावाची फिजिओथेरपिस्ट त्याला शिकवायला घरी येई. "अंकल, कमजोर पाय डावा ना? मग काठी उजव्या हातात. काठी आणि डावा पाय एकदम पुढे." तो हटकून मला डाव्या हातात धरायचा. दोन आठवड्यांनी जमलं, पण फक्त घरात. फाटक वाजलं की तो मला कपाटामागे ढकलायचा.

पापडीला लूर्डसच्या भाच्याचं, स्टीवनचं लग्न होतं. हॉलच्या दारात बॅप्टिस्टने मला फुलांच्या कुंड्यांमागे उभं केलं आणि लूर्डसचा हात धरून आत गेला. "या वयातही काय जोडी आहे!" कुणीतरी म्हणालं.

कुंड्या हलवताना मी सापडले. माइकवर सूत्रसंचालन करणारा केविन होता. त्याने मला उंच धरलं.

"एक काठी सापडली आहे. कुठल्या आजोबांची?"

हशा पिकला. शेजारच्या खुर्चीवरून कुणीतरी थट्टेने विचारलं, "बॅप्टिस्ट, तुझी तर नाही ना?"

"माझी? छे! मी अजून धडधाकट चालतो!"

लूर्डस ताटात बघत राहिली. केविनने मला स्टेजला टेकवून ठेवलं.

जेवणानंतर बॅप्टिस्टला हात धुवायला जायचं होतं. मागच्या दारापाशी तीन पायऱ्या होत्या. लूर्डस थांबली. "काठी घेऊन येते."

"नको. सगळे बघतायत."

दुसऱ्या पायरीवर त्याचा डावा पाय दुमडला. सगळा भार लूर्डसवर गेला आणि ती त्याच्याखाली सापडली. तिचं मनगट मोडलं. लोक धावले. त्याने तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "साडीत पाय अडकला माझा."

लोक त्याच्याच पाठीवर हात ठेवत होते. "सावरायला गेला बिचारा!"

निघताना लूर्डस स्टेजकडे आली. एका हाताला रुमाल बांधलेला. चांगल्या हाताने तिने मला उचललं.

पुढे सहा आठवडे प्लास्टर. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती साडीची गोष्ट सांगे. बॅप्टिस्ट फरशीकडे बघत ऐके. एका रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर तिची बहीण मर्सी आली आणि तिच्यावरच चिडली. "जरा बघून चालावं ना! त्याचा पाय असा, आणि आता तुझंही त्यालाच करावं लागतंय."

बॅप्टिस्ट उठला. भिंत धरत कपाटापर्यंत गेला, मला बाहेर काढलं आणि मर्सीसमोर येऊन उभा राहिला.

"तिचा पाय अडकला नव्हता. मी पाडलं तिला. लग्नात केविनच्या हातात होती ना, ती काठी माझी."

लूर्डस हळूच म्हणाली, "आता कशाला सांगायचं?"

त्याने मला परत कपाटामागे ठेवलं नाही.

आता तो मला घेऊन बागेत जातो, नाक्यावर जातो. कुणी माझ्याकडे पाहिलं की त्याची मान अजूनही खाली जाते. ती लाज माझी नसते, एवढं मला कळतं.

वाचकहो, तुमच्याकडे कुणाच्या पायातला जोर गेला असेल, तर त्याची काठी त्याच्या हातात असू द्या. हसू मात्र नका. बॅप्टिस्टच्या कानात तो हशा अजून आहे.

लूर्डसचं मनगट पूर्ण वळत नाही. चादर पिळताना ती मध्येच थांबते. मग तो मला नळाला अडकवतो, धुण्याच्या दगडावर बसतो आणि चादरीचं दुसरं टोक हातात घेतो.