बुडणारी पोर, वल्हवणारी पोर

त्या गुरुवारी सकाळी डोंगरांवर जांभळट गुलाबी फुलांची झाडं अशी फुलली होती, की जणू रात्रीतून कुणी येऊन उतरणीवर गुलाल सांडून पळून गेलं होतं. आणि मी, आयडेला नेपियर, पीजन फोर्क गावच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे कामधंदा सांभाळून शिकणाऱ्यांच्या कॉलेजात, इंग्रजी शिकवणारी बाई, आठचा वर्ग आटपून गाडीकडे अक्षरशः पळत होते. दुपारी डोंगरापलीकडच्या मोठ्या विद्यापीठात माझं भाषण होतं. भाषण आवडलं तर एक वर्षाची फेलोशिप मिळणार होती. एक वर्ष! गाणी गोळा करायची, पुस्तक लिहायचं, आणि पगार घरबसल्या.

"मॅडम, पडाल!" मागून रॉस्को ओरडला. रॉस्को गावात केस कापतो आणि आठच्या वर्गात पहिल्या बाकावर बसतो. "तिकडच्या मोठ्या लोकांना गृहपाठ देऊन याल, सांभाळा!"

"आणि फेलोशिप मिळाली तर आम्हाला वर्षभर रागावणार कोण?" ब्रँडीनं विचारलं. ती रात्रभर डायलिसिसच्या यंत्रांपाशी उभी असते आणि सकाळी डोळे चोळत माझ्या वर्गात निबंध लिहिते.

मी हसून हात हलवला, पण तो प्रश्न गाडीत माझ्या शेजारी येऊन बसला तो उतरेचना. कारण फेलोशिपची अट एकच होती: त्या वर्षी शिकवायचं नाही. एकही वर्ग नाही.

आमच्या कॉलेजात संशोधनाला काय किंमत आहे ते आमचे डीन, ऑर्व्हिल स्टेसी, दरवर्षी न चुकता सांगतात. "आयडेला, तुझी ती गाणी फार गोड आहेत गं. पण आपल्याकडे ती छंदात धरतात. मासेमारीच्या शेजारी." आणि मोठ्या विद्यापीठातले लोक चहाच्या वेळी विचारतात, "अरेरे, पाच-पाच वर्ग? मग काम कधी करता?" एकाला माझं गाणं दिसत नाही, दुसऱ्याला माझे वर्ग दिसत नाहीत. मधल्या डोंगरातून गाडी हाकत मी दोघांनाही मोठ्यानं उत्तरं देत असते. रस्त्याकडेच्या गाईंना ती पाठ झाली असतील.

गाणं एकच आहे, पण आमच्या प्रत्येक खोऱ्यात ते वेगळं होतं. एक पोर नदीकाठी येते आणि म्हणते:

*नावाड्या रे दादा, नाव ने रे पैलतीरी,*
*साजणाचा दिवा जळे टेकडीच्या माथ्यावरी.*

एवढं सगळीकडे सारखं. पुढे कुठे पोर बुडते, कुठे अर्ध्यातून परत फिरते, कुठे नावाड्यालाच ढकलून स्वतः वल्हं मारते. का? या विषयातले सगळ्यांत मोठे पंडित, प्राध्यापक थॅडियस बर्डव्हिसल, यांनी फार पूर्वी लिहून ठेवलंय: म्हाताऱ्या बाया विसरतात आणि विसरलेल्या जागी सुचेल ते भरतात. झालं! तेव्हापासून सगळं जग तेच म्हणतंय.

मलाही ते पटलं होतं, गेल्या हिवाळ्यापर्यंत. त्या दिवशी मी एकच धडा सकाळी आठला आणि दुपारी दोनला शिकवला होता. आठची मंडळी पेंगत येतात, म्हणून त्यांना उभं करून नाटकासारखा वाचायला लावला. दोनची मंडळी भांडकुदळ, म्हणून त्यांच्यासाठी त्याचं भांडणच करून टाकलं. संध्याकाळी ओपल आत्याकडे गेले, तर ती ओसरीवर वाळवलेल्या शेंगा निवडत भाचीच्या पोरीला गाणं शिकवत होती. पोर बुडाली. ती मुलगी उठून गेली, तिची धाकटी बहीण येऊन बसली, आणि त्याच गाण्यातल्या त्याच पोरीनं वल्हं हाती घेतलं!

"आत्या, अगं मघाशी तर बुडवलीस तिला!"

"मग? थोरली पुलावरून नदीत उड्या मारते, तिला भीती घालायला नको? ही धाकटी स्वतःच्या सावलीला दचकते. हिला बुडवून काय करू? तू सगळ्या वर्गांना एकच बोलतेस का?"

नाही बोलत! नाहीच बोलत ना! मी तिच्या गालाचा असा मुका घेतला की शेंगांचं टोपलं कलंडलं. दहा वर्षं मी ज्याच्या मागे धावत होते ते माझ्याच वर्गात रोज हजर होतं. बाया विसरत नव्हत्या. बाया शिकवत होत्या. समोर कोण बसलंय ते बघून गाणं बेतत होत्या.

हेच मला आता बर्डव्हिसल साहेबांच्या तोंडावर सांगायचं होतं.

विद्यापीठाचं दालन उंच, लाकडी, पुस्तकांच्या वासाचं. वीस-पंचवीस विद्वान बसलेले. पहिल्या रांगेत बर्डव्हिसल: पांढऱ्या भुवया, काठी, आणि झोप लागल्यासारखे डोळे. बाजूला निवड समितीच्या अध्यक्षा, डॉक्टर कोरिन ऑल्ड्रिज, गळ्यात चष्मा आणि हातात घड्याळ. मी पुढे गेले. समोर गप्प बसलेली, मागच्या रांगांना चिकटलेली माणसं. आणि अशी माणसं दिसली की माझं तोंड माझ्या परवानगीची वाट बघत नाही.

"चला, फोन पिशवीत," मी म्हणाले. "मागचे पुढे या. चौघाचौघांचे गट करा. लवकर!"

शब्द सुटले आणि मला घाम फुटला. अगं बये, हे काय बोललीस! मी क्षमा मागायला तोंड उघडणार, तोच खुर्च्या सरकायला लागल्या. उठले ना सगळे! पीएच.डी. झालेली, पुस्तकं छापलेली माणसं एकमेकांना विचारायला लागली, "तुमच्यात जागा आहे का?" एक टक्कलवाले गृहस्थ हात वर करून म्हणाले, "बाई, आम्ही पाच झालोत, चालेल?"

"चालेल. पण बोलायचं सगळ्यांनी."

आता मागे फिरायला वाट नव्हती. वीस वर्षं वर्गाच्या ज्या पुरात रोज उडी मारते त्यातच उडी मारली. त्यांना गाण्याच्या पहिल्या दोन ओळी म्हणून दाखवल्या आणि मग तिन्ही शेवट ऐकवले. "आता कागद नाही, पेन नाही. प्रत्येकानं आपल्या शेजारच्याला गाणं शिकवायचं. शिकवताना त्याच्या तोंडाकडे बघायचं. बस्स, एवढंच."

आधी कुजबुज, मग हसू, मग असा कालवा, की दाराबाहेरून कुणीतरी डोकावून गेलं. टक्कलवाले गृहस्थ टाळ्यांचा ठेका धरून गात होते. आणि बर्डव्हिसल साहेबांच्या वाट्याला आली होती मॅरिएटा नावाची एक नवी मुलगी, पहिल्याच नोकरीतली. त्यांच्यासमोर बसून ती इतकी थरथरत होती की तिची खुर्चीच वाजत होती. म्हाताऱ्यानं काठी बाजूला ठेवली, पुढे वाकला आणि घोगऱ्या, पण सुरेल आवाजात तिला शिकवायला लागला:

*नको घाबरू गं पोरी, पाणी आहे गुडघाभर,*
*दिवा कुठे जात नाही, थोडा दम घे काठावर.*

बाकीचे गट आपापलं गाणं सोडून तिकडे वळले. सगळ्यांनी ऐकलं होतं.

"सर," टक्कलवाले हळूच म्हणाले, "असा शेवट तर कुठेच नाही. विसरलात की काय?"

"विसरलो?" म्हातारा उसळला. "मी विसरत नसतो! ही मुलगी इतकी घाबरलेली, हिला मी पुरात लोटू? हिचं तोंड बघून मला वाटलं की..."

आणि ते थांबले. भुवया वर गेल्या, आणखी वर गेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बदमाश बाई," ते म्हणाले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, मग पोट, आणि मग असे खदखदून हसले की मॅरिएटाला त्यांना पाणी द्यावं लागलं. "माझं अख्खं पुस्तक! माझ्याच तोंडानं खोडलं!"

दालन टाळ्यांनी दणाणलं. मला वाटलं, जमिनीवर पायच नाहीत माझे.

मग डॉक्टर ऑल्ड्रिज उठल्या. "मिसेस नेपियर, मला वाटतं निर्णय सोपा आहे. ऑगस्टपासून तुम्ही आमच्याकडे. वर्ग तेवढे दुसऱ्या कुणाला द्या."

झालं की! 'हो' म्हटलं की झालं. 'हो' जिभेच्या टोकावर होता. पण त्या 'हो'च्या पलीकडे सकाळचे आठ वाजलेले मला दिसत होते आणि माझ्या वर्गात फळ्यापाशी दुसरंच कुणी उभं होतं.

"एक वर्ग ठेवू द्या," मी म्हणाले. "मंगळवार-गुरुवारचा. सकाळी आठचा."

"नियमात बसत नाही."

"मग मला फेलोशिप नको."

हे मी म्हणाले? मीच म्हणाले. आवाज माझाच होता. बर्डव्हिसल काहीतरी बोलायला उठत होते, पण ऑल्ड्रिजबाईंनी हातानंच त्यांना बसवलं.

"इथं लोक दहा-दहा वर्षं या फेलोशिपची वाट बघतात. आणि तुम्ही ती एका आठच्या वर्गासाठी सोडताय? का?"

"आत्ता जे घडलं ते मला ग्रंथालयात नाही सापडलं, बाई. वर्गात सापडलं. वर्ग काढून घेतला तर वर्षभर मी जुन्याच गोष्टी नव्यानं लिहीन."

"छान बोलता," त्या कोरडेपणानं म्हणाल्या. "पण पटत नाही. समोरचं माणूस बघून गाणं बदलतं म्हणता ना? मग बदला. मी समोर आहे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, आठच्या वर्गात नवीन आलेल्या माणसाकडे पाहते तसं. घड्याळ घट्ट धरलेली बोटं. गट करताना त्या एकट्याच खुर्चीत राहिल्या होत्या, पण त्यांची टाच ठेका धरत होती, ते मी पाहिलं होतं. आणि माझ्या आत कुठूनतरी, आत्याच्या ओसरीवरून म्हणा, ओळी चालत आल्या:

*काठावर बसे बाई, नाव दुसऱ्यांची सोडी,*
*कधी काळी तिची होती पाण्याशीच लाडीगोडी.*

*ऊठ बाई, खोच घागरा, भिजू देत दोन्ही पाय,*
*काठावर बसून कुणी नदी ओळखली काय?*

गेली आता! मी मनात म्हटलं. फेलोशिपही गेली आणि लाजही.

ऑल्ड्रिजबाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, काढला, पुसला, पुन्हा चढवला. "कॅथरिन क्रीकच्या शाळेत मी सातवीला शिकवत होते," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं. मग इथं आले, समित्यांवर बसले, आणि बसूनच राहिले." त्यांच्या ओठांचा कोपरा थरथरला. मला वाटलं रडतात की काय, तर हसू फुटलं! नाकातून, घशातून, मुलीसारखं. "सातवीची पोरं मला काय म्हणायची माहितीये? इंजिन! वर्गात एका जागी उभी राहायचेच नाही म्हणून."

"इंजिन!" बर्डव्हिसल टेबलावर हात आपटून ओरडले. "कोरिन, तू इतकी वर्षं सांगितलं नाहीस!"

"गप्प बसा, थॅड." त्या माझ्याकडे वळल्या. "ठेवा तुमचा आठचा वर्ग. नियम मी केलाय, मीच मोडते. तुमच्या अर्जावर लिहीन, वर्ग हाच संशोधनाचा भाग. आणि खोटं लिहिणार नाहीये."

त्यानंतर काय काय झालं ते मला सलग आठवत नाही. कुणीतरी मला मिठी मारली, कुणीतरी हातात केकची बशी दिली, मॅरिएटा सगळ्यांना विचारत सुटली की तिला कम्युनिटी कॉलेजात एखादा वर्ग मिळेल का. मी बाहेर आवारात येऊन स्टेसी साहेबांना फोन लावला.

"मिळाली, ऑर्व्हिल! आणि आठचा वर्गही राहिला!"

पलीकडून आधी नुसती खुर्ची करकरली. मग: "म्हणजे बाकीच्या चार वर्गांना मी माणसं शोधायची."

"हो."

"आणि तू वर्षभर शेंगा निवडत गाणी ऐकणार."

"हो! हो!"

"आयडेला," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम वेगळाच झाला, "ते बुडणाऱ्या पोरीचं गाणं माझी आई म्हणायची. पण तिची पोर बुडायची नाही. तिला वाटेत एक कासव भेटायचं. मी लहानपणी पाण्याला फार भ्यायचो."

मी तिथंच, भर आवारात, चपला काढून गवतावर गोल गोल फिरायला लागले.

"थांबा, ऑर्व्हिल, थांबा," मी धापा टाकत म्हटलं. "कासव काय म्हणायचं? पहिल्यापासून सांगा."