तपासणीच्या दिवशीचा झेंडा

बुधवारी सकाळी साडेनऊला डाग्नी क्रॉग्सगोरने खणातून वाढदिवसाचा झेंडा काढला, फडक्याने पुसला, खोलीचं दार भिंतीला टेकेपर्यंत सताड उघडलं आणि उंबऱ्यालगतच्या छोट्या टेबलावर तो उभा केला. डेन्मार्कमध्ये ज्याचा वाढदिवस, त्याच्या टेबलावर असा छोटा झेंडा मांडतात; पण डाग्नीचा वाढदिवस नोव्हेंबरात असतो. हा मे महिना होता.

शहाऐंशीव्या वर्षी माणूस वाढदिवस विसरतो असं कुणाला वाटलं असतं तर डाग्नीला ते चाललंच असतं. आज तपासणीवाल्या बाई येणार होत्या, आणि त्यांनी कुठल्या खोल्यांत जायचं ते वृद्धनिवासाची प्रमुख विबेके लॉडबर्ग ठरवणार होती. मागच्या खेपेला तिने बाईंना बारा नंबरच्या हसऱ्या, ऑर्गन वाजवणाऱ्या आजोबांकडे नेलं, कॉफी पाजली, केक भरवला आणि अहवाल आला चकचकीत. तोच अहवाल तीनदा वाचून डाग्नीच्या मुलीने, डॉर्टेने, आईसाठी ही जागा निवडली होती.

डाग्नीला तेव्हाच शंका यायला हवी होती. तिने एकतीस वर्षं बंदरावरच्या लिलावात मासळीची प्रत लावली होती. खोक्यात वरचे मासे फारच टवटवीत दिसले की ती बाही सारून हात थेट तळाशी घालायची. कोळी तिला तोंडावर शिव्या द्यायचे, आणि विश्वास ठेवायचे तो तिच्याच शिक्क्यावर. स्वतःच्या म्हातारपणाचं खोकं मात्र तिने वरवर बघून घेतलं. त्याबद्दल ती स्वतःवर अजून चिडलेली होती.

पण खरा राग होता तो शेजारच्या खोलीचा. तिथे आस्टा टॉफ्टुम राहायची. झटका आल्यापासून आस्टाची वाचा गेली होती आणि उजवा हातही. मदत हवी असली की ओढायची लाल दोरी तिच्या पलंगाशी लोंबायची. आस्टा ती फार वेळा ओढते म्हणून कुणीतरी दोरीला गाठ मारून ती वर दिव्याच्या दांडीला अडकवून टाकली. गेल्या रविवारी आस्टा पलंगावरून पडली आणि दोन तास जमिनीवर तशीच राहिली. डाग्नी चर्चमधून परतली, भिंतीवर चमच्याची टकटक ऐकली, तेव्हा कुठे कळलं.

"दोरी जागेवरच आहे, डाग्नी. मी स्वतः पाहिली," विबेके म्हणाली होती.

जागेवर होतीच. फक्त ती जागा आस्टाच्या हाताला पोचणारी नव्हती.

मग सोमवारी तपासणीचं पत्र आलं. मंगळवारी पडदे बदलले, सुकलेली जिरॅनियमची कुंडी गेली आणि ताजी आली. बुधवारी सकाळी वरच्या मजल्यावरून कडक इस्त्रीच्या कपड्यांतल्या दोन परिचारिका उसन्या आणल्या गेल्या, आणि आस्टाची दोरी मुकाट्याने खाली उतरली. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो हाच. तपासणी आटोपली की दोरी परत दांडीवर जाणार, हे डाग्नीला स्वच्छ दिसत होतं.

नऊ वाजता डॉर्टेचा फोन येऊन गेला होता. "आई, आज गप्प बस हं. चौदा महिने थांबून ही जागा मिळालीय. उगाच त्यांच्या डोळ्यांवर येऊ नकोस."

"मी भाडेकरू आहे, डॉर्टे. दारावर माझं नाव आहे, करार माझ्या खणात आहे. मला काढायचं तर कोर्टात या म्हणावं."

"आणि मग तुझ्याशी वाईट वागले तर?"

"आस्टाशी वागतातच आहेत," डाग्नी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. भीती तिलाही वाटत होती.

दहाच्या सुमारास बोळातून विबेकेचा आवाज आला. "इकडून या, बारा नंबरचे आजोबा तुमची वाटच बघतायत."

तपासणीवाल्या सिड्सेल राबेक डाग्नीच्या दारापाशी आल्या आणि थांबल्या. दारात झेंडा दिसला आणि माणूस अभिनंदन न करताच पुढे गेला, असं उभ्या डेन्मार्कमध्ये घडत नाही. "अरे वा, आज वाढदिवस का? अभिनंदन," म्हणत त्यांनी हात पुढे केला.

डाग्नीने तो हात धरला आणि सोडलाच नाही. "वाढदिवस बिढदिवस काही नाही. आत ये, बस."

"डाग्नी, तुमचा वाढदिवस नोव्हेंबरात असतो," विबेके दारातून म्हणाली.

"बघ, तारीख पाठ आहे तिला. हुशार बाई आहे." मग डाग्नी सिड्सेलकडे वळली. "माझ्या पलंगाजवळची ती लाल दोरी ओढ बरं जरा."

सिड्सेलने दोरी ओढली. अर्ध्या मिनिटात त्या दोन उसन्या परिचारिका धावत हजर झाल्या.

"बघा, किती तत्पर आहेत," विबेके म्हणाली.

"रविवारी दोन तास लागतात. आता यांना विचार, माझं नाव काय?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीची नजर दारावरच्या पाटीकडे गेली, पण दार सताड उघडं असल्याने पाटी भिंतीकडे वळलेली होती. शेवटी तिला टेबलावरचा झेंडा दिसला.

"अभिनंदन," ती म्हणाली.

सिड्सेलच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. त्यांनी वही उघडली. "अजून काय दाखवायचंय तुम्हाला?"

डाग्नी वॉकर ढकलत त्यांना शेजारी घेऊन गेली. आस्टा खुर्चीत बसली होती. डाग्नीने तिच्या पलंगाजवळची दोरी उचलून सिड्सेलच्या हातात दिली. "बोट फिरव हिच्यावरून. मी आयुष्य बंदरावर काढलंय, मला दोऱ्या कळतात. इथे वळ पडलेत, अजून सरळ व्हायला तयार नाहीत. आणि वळाच्या आतला रंग बघ, लालभडक. बाकी सगळी विटलीय. किती महिने गाठीत होती ते तूच सांग."

सिड्सेलने बोट फिरवलं, वळापाशी थांबवलं आणि विबेकेकडे पाहिलं.

"ती विनाकारण ओढते," विबेके म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "दिवसातून चाळीस वेळा. माणसं आणू कुठून?"

"आज आणलीस की," डाग्नी म्हणाली. "तिला बोलता येत नाही, विबेके. दोरी ओढणं हेच तिचं बोलणं आहे, आणि तू तिच्या तोंडाला गाठ मारलीस."

आस्टाने डावा हात पुढे केला. सिड्सेलने दोरी तिला दिली. आस्टाने ती मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरली आणि ओढली. बोळात घंटा वाजू लागली. विबेके ती बंद करायला वळली, तशा सिड्सेल म्हणाल्या, "राहू द्या. बारा नंबर नको आता. तुमच्या यादीत नसलेल्या खोल्या मला दाखवा."

त्या गेल्यावर डाग्नीने आपला झेंडा वॉकरच्या टोपलीत घालून आणला आणि आस्टाच्या दारात मांडला. आता या बोळातून जाणाऱ्याला इथे आत यावंच लागणार होतं.

विबेके एकटीच परत आली. "झेंडा रोज मांडायचा नसतो, डाग्नी."

"तू रोज काढून टाक," डाग्नी म्हणाली. "मी रोज मांडीन."