देववाणीच्या गोधड्या

गुरुवारी दुपारपासूनच एरंडोलच्या बाया डोक्यावर गोधड्या घेऊन धर्मशाळेकडे निघत. साल १९३५. धर्मशाळेचं नवं सभागृह कापसाचे व्यापारी झुंबरलाल शेठजींनी बांधून दिलेलं. दगडी फरशी, चुन्याच्या गुळगुळीत भिंती, वर पत्रा, आणि एका टोकाला माणूस उभा राहील एवढा अर्धगोल कोनाडा. त्यात शब्दानंद महाराज उभे राहत आणि पुटपुटल्यासारखं बोलत. तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला शब्दन् शब्द कळे.

"देववाणी शे, भाऊ," लोक म्हणत.

महाराजांनी प्रत्येक घरची एक गोधडी भिंतींवर टांगायला लावली होती. सभा संपली की बाया ती घरी नेत आणि पुढच्या गुरुवारी परत आणत. अशी सात गुरुवार तिच्यात वाणी मुरायची. मग ती पांघरली की रोग पळायचा. गिरणाकाठी पटकीची साथ सुरू होती, तरी गावच्या विहिरीत डॉक्टरांचं लाल औषध टाकायला महाराजांची मनाई होती. "औषध आजाऱ्याला देतात. विहीर काय आजारी आहे?" ते विचारत, आणि सभा माना डोलावी.

शाळेत विज्ञान शिकवणारा अभिमन, नुकताच बी. एस्सी. झालेला, शनिवारी त्याच सभागृहात पटकीवर बोले. समोर दहा-बारा माणसं. 'पाणी उकळा' म्हटलं की 'उकळा' चार वेळा फिरून पुढच्या वाक्यावर येऊन आदळे. त्यांतली भिकुबाई तोंडावर म्हणाली, "मास्तर, तुमनं बोलणं बठ्ठं गिचमिड. महाराजनी वाणी कशी कानमा येस."

अभिमन आतून जळत होता. त्याने ज्येष्ठमध चघळला, आरशासमोर सराव केला, एकदा गुपचूप महाराजांच्या कोनाड्यातही उभा राहून पाहिलं. थोडा फरक पडला, फार नाही. त्याची आई तानुबाई गुरुवारी पहिल्या रांगेत बसे, शनिवारी कधीच येत नसे. तो रुसला तेव्हा ती म्हणाली, "तुनं त मी घरबी ऐकस."

महाराजांना सभागृह देऊ नका, असं सांगायला तो शेठजींच्या वखारीत गेला. खरं तर विहिरीच्या मनाईइतकाच त्याला महाराजांचा गळाही खुपत होता. वखार पत्र्यापर्यंत कापसाने भरलेली. सवयीने तो मोठ्याने बोलू लागला.

"मास्तर, ओरडता कशाला?" शेठजी म्हणाले. "भरल्या वखारीत हळू बोललेलंही ऐकू येतं. वखार रिकामी झाली की मग हमालाची हाक कळत नाही."

अभिमन बोलायचं थांबला. त्याने एक टाळी वाजवली. ती जागीच विझली. तो तसाच धर्मशाळेत गेला, रिकाम्या सभागृहात टाळी वाजवली आणि घड्याळ पाहिलं. आवाज तीन सेकंद रेंगाळला.

सातव्या गुरुवारी महाराज रंगात आले असताना अभिमन उभा राहिला आणि नम्रपणे म्हणाला की सात गुरुवार भरले, गोधड्यांत वाणी मुरली, साथ दारात आहे, तर बायांनी आपापली गोधडी आत्ताच घ्यावी. बाया याचीच वाट पाहत होत्या. एकेक भिंत उघडी पडत गेली.

महाराज गरजले, "थांबा! मी सांगेन तेव्हा!" पण सभेला ऐकू आलं ते नुसतं 'बा-बा, व्हा-व्हा'. ते चिडून कोनाड्याबाहेर आले, आवाज अजून फाटला. कोणीतरी खुदकन हसलं.

अभिमनने गोधड्या परत टांगायला लावल्या आणि भिकुबाईला कोनाड्यात उभं केलं. "बोला काहीही, हळूच."

ती लाजत पुटपुटली, "मनी म्हैस आजबी दूध देत नही."

देववाणी शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचली. सभागृह हसण्याने भरलं. महाराज मागच्या दाराने निघून गेले.

अभिमनने सोपं करून सांगितलं. कठीण भिंत आवाज परत फेकते, आणि शब्दांवर शब्द चढतात. गोधडी तो पिऊन टाकते. अर्धगोल कोनाडा उरलेला आवाज गोळा करून समोर पाठवतो. मग तो म्हणाला, "मलाही महाराजांचा हेवा वाटत होता. त्यांचा गळा थोर, माझा फुटका, असंच मी धरून चाललो होतो. टाळी वाजवून पाहायला मला सात आठवडे लागले."

पुढच्या रांगेतून तानुबाईने विचारलं, "मंग त्या लाल औषधनं काय?"

त्या गोधड्यांमध्ये तो अर्धा तास हळू आवाजात बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीत औषध पडलं.

शब्द कानाला गोड लागला म्हणजे तो खरा ठरत नाही, आणि घोगरा लागला म्हणून खोटाही होत नाही. ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याचं म्हणणं उघड्या भिंतीसमोर एकदा तपासून घ्यावं. त्यासाठी वाणी सिद्ध असावी लागत नाही. टाळी वाजवायला दोन हात पुरतात.