बिनआवाजाची पेटी

सोफेवाल्यांचा सारा जन्म दुसऱ्यांच्या बुडाखालचे आवाज बंद करण्यात गेला होता. खुर्ची करकरू लागली, सोफा कण्हू लागला, पलंग घरातल्या बातम्या शेजारी पोचवू लागला, की लोक त्यांना बोलावून घेत. ते कान लावून दुखणं ओळखत आणि दोन खिळे, मूठभर काथ्या आणि एक शिवी एवढ्या औषधात बरं करत. म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात तक्रारीचा कागद चिकटवला, तेव्हा त्यांना राग आला नाही. आपल्याच धंद्यातलं काम घरबसल्या आलं, असं त्यांना वाटलं.

तक्रार त्यांच्या मुलीच्या नेमबाजीबद्दल होती. ती सतरा वर्षांची, एअर रायफल चालवायची. सराव घरातल्या लांबोळ्या मागच्या खोलीत, दार लावून. कागदी चकतीतून आरपार गेलेला छर्रा मागच्या पत्र्याच्या खोक्यावर टण्णकन आदळायचा. रोज संध्याकाळी साठ टण्ण. सोफेवाले बाहेर उशी शिवत बसायचे आणि ते मोजायचे. चाळीसवर आवाज थांबला की दारावर थाप मारून म्हणायचे, अजून वीस राहिले. तिला शिकवणारे कोच एकदा म्हणाले होते की मुलीचा डोळा चांगला आहे, निवड चाचणीत नाव लागेल. सोफेवाल्यांच्या खानदानात आजवर कुणाची कशासाठीच निवड झाली नव्हती. खुद्द त्यांना बायकोने पत्करलं तेही पहिला मुलगा ऐनवेळी पळाला म्हणून. तेव्हा हे नाव लागायलाच हवं होतं.

ते पेटीच्या मागे लागले. जुन्या कपाटाचा खण घेतला, पाठीला लोखंडी पत्रा ठोकला आणि आत चिंध्या ठासल्या. तीन दिवसांत छर्ऱ्यांनी चिंध्या बाजूला सारून पत्रा गाठला. मग फोम भरला. फोमने छर्ऱ्याला अडवण्याऐवजी अदबीने वाट करून दिली. रबराची चटई लावली, तर छर्रा आल्या पावली परतला आणि सोफेवाल्यांच्या नडगीवर बसला. तिथली निळी खूण ते येणाऱ्याजाणाऱ्याला पँट वर करून दाखवायचे. शेवटी एका वायरमनकडून त्यांना ती काळी लुगदी मिळाली. वायरच्या नळ्यांची तोंडं बुजवायला वापरतात ती, कधीच न वाळणारी. तिचा चार बोटं जाड थर त्यांनी पत्र्यावर थापला, पेटीखाली नमदा, म्हणजे जाड लोकरी गालिचा, घातला आणि हात लागलाच आहे तर खोलीच्या दारालाही आतबाहेर गादी शिवून टाकली.

परीक्षेला ते खालच्या काकांकडे जाऊन बसले. काका कान टवकारून बसले होते. चहा झाला, काकांचं गुडघ्याचं दुखणं सांगून झालं. मग काका वैतागून म्हणाले, "अहो, पोरीला सुरू करायला सांगा की."

"संपवून हातपाय धुतले असतील तिने," सोफेवाले म्हणाले.

काकांचा चेहरा असा पडला की जणू कुणी त्यांची नोकरीच काढून घेतली. आठवड्याभरात त्यांनी सोफेवाल्यांच्या नळाविरुद्ध कागद लावला.

त्यानंतर दोन महिने घर शांत होतं. मुलगी रोज संध्याकाळी सहाला आत जायची, सातला बाहेर यायची. सोफेवाले उशी शिवता शिवता बायकोला म्हणायचे, बघ, काही ऐकू येतंय? बायको म्हणायची, नाही. ते खूश व्हायचे.

चाचणीला दहा दिवस राहिले, तेव्हा त्यांनी लुगदी साफ करायला पेटी काढली. छर्रे साठले की ते खरवडून काढावे लागतात. रोजचे साठ, दोन महिने. त्यांनी रिकामी बादली घेतली. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ते उलथन्याने खणू लागले. तेवीस छर्रे निघाले. आधी त्यांना वाटलं, पोरीचा नेम इतका पक्का की सगळे एकामागे एक एकाच भोकात गेले असणार. दहा मिनिटं ते मनातल्या मनात फार मोठे झाले. मग पत्र्यापर्यंत खणून पाहिलं. पत्र्यावर चिंध्यांच्या वेळचे जुने पोचे होते, नवा एकही नव्हता.

मुलगी दारात उभी होती.

"बाकीचे कुठायत?" त्यांनी विचारलं.

"एवढेच आहेत, बाबा."

"मग तासभर आत करायचीस काय?"

"झोपायचे. नाहीतर नुसती बसून राहायचे." ती खाली बसली आणि वर्तमानपत्राचं टोक सरळ करू लागली. "काकांनी कागद लावला ना, तेव्हा मला वाटलं, सुटले. आता बाबा बंद करायला लावतील. तर तुम्ही खण घेऊन आलात."

"तोंड होतं ना तुला? सांगायचंस."

"सांगितलं. दोनदा. एकदा तुम्ही म्हणालात, हे टोक धर. दुसऱ्यांदा म्हणालात, फोम चालणार नाही, रबर आणतो."

सोफेवाल्यांना रबर आठवलं. मुलगी आली होती हे काही केल्या आठवेना. बराच वेळ ते बोटाला चिकटलेली लुगदी सोडवत बसले. मग उठले आणि कोचना फोन लावला. पोरगी चाचणीला येणार नाही, हे सांगताना आवाज फाटेल अशी त्यांना भीती होती, पण कोचनी तशी वेळच येऊ दिली नाही. बरं झालं वेळेवर कळवलंत, म्हणाले. दुसरी एक मुलगी रांगेत होतीच. एवढ्यात विषय संपला. सोफेवाले फोन ठेवणार, तोच कोच म्हणाले की तुमच्या त्या पेटीबद्दल बरंच ऐकलंय, आमच्याकडे आवाजाने डोकं उठतं. कशी केलीत ती?

"चार बोटं जाड थर," सोफेवाले म्हणाले. "त्याच्याखाली जायचं नाही. आणि फोमच्या नादी तर अजिबात लागू नका."

मुलगी जवळ येऊन उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी काळ्या बोटांचा हात वर करून तिला जरा थांबायची खूण केली आणि नमद्याचं सांगायला घेतलं.

ती नमदा संपेपर्यंत थांबली. रबराचा विषय निघाला, तेव्हा चपला घालून खाली उतरून गेली.