पाठीवरच्या मशिनीचं गाऱ्हाणं

मी पाठीवर बसून धूळ ओढणारी मशीन बोलतेय. हो, बसूनच. इतर मशिनींच्या नशिबी चाकं असतात, मला माणसाची पाठ मिळाली. दोन पट्टे खांद्यावर, एक कमरेला, हातात नळी. मला घेतलेला माणूस लांबून बागेत औषध फवारायला निघाल्यासारखा दिसतो.

जन्म कारखान्यातला, त्याचं कौतुक नको. मडगावच्या एका हॉटेलानं वापरून मला विकलं आणि २००६ साली मी शिरोड्याला आले. यज्ञेशनं किनाऱ्याजवळ दहा खोल्यांचं लॉज काढलं होतं. माझं माहितीपुस्तक त्यानं पहिल्याच दिवशी डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. टेबल स्थिर झालं, एवढाच त्या पुस्तकाचा उपयोग.

मला पाठीवर घ्यायची तुळसा. वय साठीचं, घरात कमावणारी ती एकटीच. पाहुणे समुद्रावरून यायचे, अर्धा किनारा खोलीत सांडायचे आणि जाताना वहीत ‘स्वच्छता कमी’ असं लिहून जायचे. मोठी विद्वान माणसं!

माझं शास्त्र सोपं आहे. पोटातली पिशवी भरली, जाळी तुंबली, की वारा अडतो. मी तापते आणि जळू नये म्हणून आपली आपण बंद पडते. अर्ध्या तासात गार झाले की पुन्हा चालू. शहाण्यानं तेवढ्यात पिशवी झाडून घ्यावी. यज्ञेशनं काय केलं? देवाला गाऱ्हाणं घातलं!

शेजारचे गणपतकाका आले. माझ्यापुढे विडा, नारळ. “बा देवा म्हाराजा, ह्या मशिनाक कोणाची नदर लागली आसात तर ती दूर कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” भोवती जमलेले ओरडले.

काका गावातल्या एकेका देवाला नावानिशी हाक मारतात. त्यात अर्धा तास सहज जातो. तोवर मी गार. बटण दाबलं, सुरू! झालं, तेव्हापासून दर वेळी नारळ. माझ्या पोटात काय साचलंय ते कोणी बघेना. तुळसा एकदा म्हणाली, “उघडून बघूया काय?”

“हात लावू नको गो! तुका त्यातला काय कळता?” इति यज्ञेश. त्याला सगळंच कळत होतं ना!

२००८च्या डिसेंबरात लॉज भरलेलं. पायपुसण्याचा काथ्या माझ्या नळीत अडकला, पिशवी आधीच ठासलेली. मी बंद पडले. गाऱ्हाणं झालं, मी चालूही झाले, पण नुसती घरघर. पाच मिनिटांत पुन्हा गप्प. आता देवाला तर बोल लावता येईना.

“तुळसाक्का, तुझ्याच हाताक गुण नाय,” यज्ञेश म्हणाला. “आज ह्या मशीन ओढूक लागला नाय, तर उद्यापासून येव नको.”

तुळसानं पदर खोचला, खाली बसली आणि माझ्या झाकणाच्या कड्या काढल्या.

“गो, देवाक जरा येळ दी,” काका म्हणाले.

“देवाक वाळू उपसूक लावतास? लाज वाटणा नाय?”

पिशवी बाहेर आली ती तान्ह्या पोराएवढी जड. तिनं ती माडाखाली ओतली, जाळी झटकली, झाडूतल्या हिराच्या काडीनं नळीतला काथ्याचा बोळा ओढून काढला. मी गार होईपर्यंत थांबली आणि बटण दाबलं. मी असा श्वास घेतला की काकांच्या विड्याचं पान सरळ माझ्या तोंडात!

“बघलात काका? गाऱ्हाण्याचो गुण!” यज्ञेश खूश.

तुळसानं मला उचललं आणि त्याच्याच पाठीवर चढवून पट्टे आवळले. “घे बाबा. देव तुझो, मशीन तुझा. सगळ्यो खोल्यो करून ये. मी उद्या येव काय नको, ता मगे सांग.”

तिसऱ्या खोलीतून तो कंबर धरून बाहेर आला. “तुळसाक्का... उद्या जरा लवकर ये गो.”

आता २०१० चाललंय. माझ्या कागदी पिशव्या मिळत नाहीत, तुळसानं मांजरपाटाची शिवलीय. एक पट्टा तुटला, तिथे होडीची दोरी आहे. रोज सकाळी तुळसा पायरीवर चहा पिते आणि यज्ञेश नाकाला रुमाल बांधून माझी पिशवी झाडतो. फार सुंदर दृश्य असतं ते.

जाता जाता एक मागणं आहे. तुमच्याकडे माझी कोणी बहीण बंद पडली, तर आधी तिचं पोट उघडून बघा, आणि जी रोज तिला पाठीवर वाहते तिला विचारा. देवाला दुसरी कामं आहेत.