खोडावरचा वळ

२०२३ साल. कोविडनंतर जपानने पाहुण्यांना पुन्हा दारं उघडली होती, आणि एप्रिलमध्ये मी तीन महिन्यांच्या व्हिसावर टोकियोजवळच्या उरायासुला मुलाकडे आले. चार वर्षांनी येत होते. बॅगा दारातच ठेवल्या आणि आधी बाल्कनीत गेले, माझं मेपल बघायला.

ते झाड माझ्या यजमानांच्या हातचं होतं. २०१८ मध्ये आम्ही दोघं इथे आलो तेव्हा ह्यांनी ओमियाच्या बोन्साय-रोपवाटिकेतून पेन्सिलीएवढ्या जाडीचं रोप आणलं होतं. त्याचं बोन्साय करायचं म्हणून कोवळ्या खोडाला तार गुंडाळली आणि अंगठ्याने रोज थोडं दाबत त्याला बाक दिला. ही तार वेळेवर काढावी लागते, नाहीतर खोड फुगतं आणि तार सालीत रुतते. आम्ही पुण्याला परतलो, तार तशीच राहिली. पुढच्या वर्षी येऊन काढली तेव्हा खोडावर जिन्यासारखा गोल चढत जाणारा वळ उमटला होता. "असू दे. माझी सही समज," हे म्हणाले. त्या दिवाळीच्या आधीच हे गेले. झाड काही विमानातून आणता येत नाही, ते इथेच राहिलं. ह्यांच्या बोटांनी वळवलेलं, अजून पानं फुटणारं, असं माझ्याकडे तेवढंच होतं.

तर बाल्कनीत झाड होतं. कोवळी पानं होती, बाक होता, खोडावर वळही होता. तरी मला काहीतरी खटकलं.

"पुष्कर, एवढ्या वर्षांत खोड जाड कसं नाही झालं रे?"

"आई, या देशात सगळेच बारीक आहेत. तू चहा घे."

चहा करायला सून, अक्षया, स्वयंपाकघरात गेली आणि गाळणीसाठी तिने ओळीने ड्रॉवर उघडले. या घरात ती कितीतरी वर्षं राहत होती. मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने ओल्या कचऱ्याच्या वारी प्लास्टिकची पिशवी खाली नेली. इमारतीची देखभाल करणाऱ्या काकांनी ती तशीच उचलून दाराशी आणून ठेवली.

"विसरले हो आई," ती म्हणाली. "हल्ली डोकं ठिकाणावर नसतं."

माझी नात रुचा दहा वर्षांची. तिची शाळा खिडकीतून दिसायची, आणि आता ती आईबरोबर उजाडतानाच स्टेशनवर निघायची.

"शाळा बदलली का गं?"

"शिरानाई," ती बूट घालत म्हणाली. ठाऊक नाही! स्वतःची शाळा ठाऊक नाही!

"इंटरनॅशनल आहे, आई," पुष्कर आतून ओरडला. "जरा लांब पडते."

"मी तिला विचारलं होतं."

"तू क्राइम ब्रँचमध्ये असायला हवी होतीस."

तिघं एकमेकांशी फार गोड बोलत होती. "थँक्यू", "तू घे ना", "नाही, आधी तू". नवरा-बायको असं बोलायला लागली की मला घरात पाहुणे आल्यासारखं वाटतं. पण माझा जीव अडकला होता तो झाडात. हे झाड ह्यांचं आहे की नाही?

मे महिन्यात मेपलला नवे कोंब आले. पानांची पहिली जोडी ठेवून पुढचा शेंडा चिमटीने खुडायचा, म्हणजे फांद्या दाट होतात, हे मला ह्यांनीच शिकवलं होतं. तेवढं केलं आणि मग एका फांदीला खाली वळवावं म्हणून तार घेतली. गुंडाळता गुंडाळता थांबले. माझी तार ज्या दिशेने फिरत होती, त्याच दिशेने खोडावरचा वळ चढत होता.

हे डावखुरे होते. ह्यांची तार नेहमी माझ्या उलट जायची. आम्ही शेजारी बसून दोन फांद्या गुंडाळायचो तेव्हा मी चिडवायचे, तुमचं घड्याळ मागे चालतं म्हणून.

रविवार होता, सगळी घरीच होती. मी पुष्करला बाल्कनीत बोलावलं.

"ही तार घे. या काठीला गुंडाळ."

"आत्ता? कशाला?"

"गुंडाळ म्हटलं ना."

त्याने उजव्या हाताने गुंडाळली. ती काठी मी खोडाला लावून धरली. पीळ हुबेहूब जुळला.

"हे झाड तुझ्या हातचं आहे," मी म्हटलं. "माझं कुठे आहे?"

अक्षया दारात येऊन उभी होती.

"वाळलं, आई," तीच बोलली. "दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये. पाणी घालायला घरात कुणी नव्हतं."

"तू कुठे होतीस?"

"अक्षया, आपलं ठरलं होतं ना..." पुष्कर म्हणाला.

"ठरलं होतं. पण मला आता नाही जमत, पुष्कर." ती माझ्याकडे वळली. "मी आणि रुचा योकोहामाला राहतो. तिची शाळाही तिथेच आहे. तुम्ही येणार म्हणून तीन महिन्यांपुरत्या इथे आलो."

"मी आठवडाभर ओसाकाला कामावर होतो," पुष्कर म्हणाला. "परत आलो तर पानं कुरकुरीत झालेली. मग तसंच रोप शोधलं. तार आवळून बांधली, वर्षभर काढली नाही."

"फोनवर सांगायचंस."

"काय सांगू? बाबांचं झाड गेलं, आणि घरही मोडलं?"

मला आधी रडू आलं ते झाडाचंच. त्या दोघांसाठी रडायला मला रात्र लागली. पण रडून झाल्यावर मी अक्षयाला विचारलं, "तिकडे स्वयंपाकघर आहे ना?"

"आहे की. छोटंसं."

"मग रुचाची पहाटेची गाडी उद्यापासून बंद. तुम्ही तुमच्या घरी जा. शनिवारी मी येते."

झाड कुणाला तरी देऊन टाकतो म्हणाला पुष्कर. मी म्हटलं, "ते तू घडवलंयस, तर आता नीट वाढव. त्याला बाबांचं म्हणू नकोस, बस."

पुढच्या वर्षी त्यांनी रीतसर घटस्फोट घेतला. अक्षया योकोहामातच आहे. तिला बढती मिळाली, आणि तिच्या गाळणीचा ड्रॉवर मला माहीत आहे. रुचा अजूनही अडचणीच्या प्रश्नाला जपानीतच उत्तर देते, पण आता मला त्यातलं बरंचसं कळतं. पुष्करने लहान घर घेतलं. मागच्या फेब्रुवारीत त्याने मेपलचा शेंडा कापून बाजूच्या फांदीला वर वळवलं, म्हणजे खोड खाली रुंद आणि वर निमुळतं होईल. बरं जमलंय. मी पुण्यात असते, दर वर्षी जाते. तिकीट काढण्याआधी दोघांना वेगवेगळा फोन करते, एकच गोष्ट विचारते, आणि उत्तरं जुळतात का ते बघते.