मधल्या पडद्याचं दुखणं

मी पडदा बोलतोय. थांबा, लगेच समोर बघू नका! तो नव्हे. मी मधला. आप्पासोंच्या तंबूतल्या सिनेमात बायका एकीकडं, गडीमाणसं दुसरीकडं, आणि दोघांच्या मध्ये दोरीवर वाळत घातल्यासारखा मी.

समोरचा माझा सख्खा भाऊ. सांगलीच्या पेठेत मांजरपाटाच्या एकाच ताग्यातून आम्हा दोघांना फाडलं. त्याच्या नशिबी निळीचा हात आणि उदबत्ती, माझ्या नशिबी तंबाखूच्या पिचकाऱ्या. खेळाआधी आप्पासो त्याला हात जोडणार आणि माझ्याच टोकाला तोंड पुसणार. शिराळ्यापासून साताऱ्यापर्यंत जत्रा कुठलीही असो, सगळे डोळे त्याच्याकडं. पलीकडची पोरगी दिसत नाही म्हणून शिव्या मात्र मला. जळायचो मी, खोटं कशाला बोलू? त्याच्यावर पाल फिरली तरी मला बरं वाटायचं.

चौऱ्याहत्तर साली पलटणीतून पेन्शनीवर आलेल्या लालासाहेबानं गावातलीच माणसं गोळा करून सिनेमा काढला, ‘हडळीची पंगत’, आणि तो आमच्याच तंबूत लागला. हडळ झाला होता तो स्वतःच, मिशीसकट! रक्त म्हणून काकवीत कालवलेलं कुंकू, आतडी मात्र खाटकाकडची खरी. हडळ स्वतःच्या पोटातनं आतडी ओढून शेवया म्हणून पंगतीत वाढत होती, आणि पत्रावळीवरचं नवरदेवाचं तुटकं मुंडकं ओरडत होतं, “गूळ वाढा की वाईच!”

माणसं हसता हसता ओकायला बाहेर पळाली. ओकली आणि परत येऊन जागेवर बसली! असलं घाणेरडं सोंग, तरी मान माझ्या भावाचाच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

एवढ्यात बायकांतून लालासाहेबाची बायको सुलाबाई किंचाळली, “आगं बया! हडळीच्या अंगावर माजं लुगडं! सणाला हुडकून हुडकून मेले की मी!”

ती तरातरा उठली आणि नवऱ्याला धरायला सरळ माझ्यातूनच पलीकडं घुसली. फर्रर्र! मी वरपासून खालपर्यंत फाटलो.

“आवं, कुटं दडलाय तुमी?”

लालासाहेबानं मलाच अंगाभोवती गुंडाळून घेतलं. “आगं, खेळ तरी संपू दे, मग मार!”

सगळ्या माना आमच्याकडं वळल्या. समोर हडळ एकटीच शेवया वाढत होती, कुत्रंही बघत नव्हतं. चिंध्या झाल्या माझ्या, पण काय सांगू, जन्माचं सुख झालं. म्हटलं, बघ रे भावा, बघ!

“फुडल्या टायमाला माज्या लुगड्याला हात लावायचा न्हाई,” सुलाबाईनं दम भरला. “लय हौस हाय तर ह्यो पडदा नेसा!”

लालासाहेबानं ते मनावर घेतलं. दुसऱ्या सिनेमात हडळ मलाच नेसली. काकवीत भिजलो, आतड्यांत लोळलो, माश्यांनी खाऊन घेतलं, तरी खुशीत होतो. आता मी भावाच्या छाताडावर नाचणार होतो आणि त्यानं निमूटपणे मला मिरवायचं होतं!

पहिला खेळ साताऱ्यात लागला. मला धुऊन, ठिगळ लावून तंबूच्या दाराला टांगलं होतं. तिथून सगळं दिसत होतं. पंगत बसली, वाजंत्री थांबली, आणि हडळ आली. मला नेसून! मी, थेट समोर, एवढा मोठा!

“आई गं!” लुगड्यातली हडळ हसवायची, पांढऱ्या कापडातली खरीच वाटली; अख्ख्या तंबूनं दोन्ही हातांनी डोळे झाकले.

हडळ गेली की हात खाली, हसणं सुरू. हडळ आली की पुन्हा डोळे बंद. एकानंही मला बघितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. भाऊ मात्र पांढराशुभ्र, खेळ संपला की त्याच्या अंगावर एक डाग नाही. माझे काकवीचे डाग अजून निघाले नाहीत.

बाबांनो, बायांनो, तुम्हाला भ्या वाटतं, कळतंय मला. झाका डोळे, खुशाल झाका. पण मी आलो की बोटांत वाईच फट ठेवा.